खाडा

एक जानेवारी. पाटी कोरी.
सूर्य साडेदहाला उगवतो, तोही उपकार केल्यासारखा,
आणि मी, वेइयो, फेरीबोटीच्या इंजिनखोलीतून निवृत्त,
खिडकीशी बसतो शिसपेन्सिल घेऊन.
(शाई बाहेर गोठते.)

पहिलं नाव कुणाचं लागणार?
गेल्या वर्षी मॅगपाय, त्याआधीही मॅगपाय,
शेजारच्या हिल्याच्या धुराड्यावर शेकत बसलेला.
यंदा डोमकावळा.
काल हाच इथेच बसला होता,
तेव्हा मी मान वर केली नव्हती.
आज मात्र उठून उभा राहिलो.

वही बोटीवरचीच, रकाने छापलेले:
वेळ, वाहने, प्रवासी, शेरा.
वाहनांच्या रकान्यात मी पक्षी लिहितो.
मेलेला चालत नाही. पिंजऱ्यातला चालत नाही.
नुसता ऐकलेला चालतो, पण ऐकलेला आपण स्वतः.
चौऱ्याण्णव साली एक हिमघुबड लिहिलं होतं,
दुर्बीण लावून, दहा मिनिटं श्वास रोखून;
वारा सुटला तेव्हा ती प्लास्टिकची पिशवी निघाली.
खोडलं.
खोडलेलं अजून वाचता येतं.

मार्चअखेर हंस. एप्रिलमध्ये
बर्फावरचा रस्ता बंद होतो आणि क्रौंच येतात,
आपल्याच आवाजाला ओलांडून पुढे जाणारे.
मग मे. मे महिन्यात सगळे एकदमच,
लग्नघरी पाहुणे उतरावेत तसे:
कुरल, सुरय, भिंगऱ्या, पाणलावे,
एका सकाळी एकोणीस नावं,
पेन्सिलीला टोक करायला उसंत नाही.
जूनमध्ये रात्रच नसते, म्हणून तारखेचा घोळ होतो.

सप्टेंबरात एकशे एकाहत्तर.
आणि एक साधा पक्षी नाही.

हिप्पियाइनेन. पाच ग्रॅम वजन,
डोक्यावर पिवळी रेघ, कुणी पेन्सिलीने ओढल्यासारखी.
कुठे जात नाही, हिवाळाभर इथेच,
साउनामागच्या स्प्रूसच्या झाडांत.
दर वर्षी तिसऱ्या-चौथ्या ओळीतच असायचा.
आधी मी थंडीला दोष दिला,
फेब्रुवारीत उणे चौतीस होतं.
मग रान तोडणाऱ्यांना. मग हिल्याच्या मांजराला,
ते तर चौदा वर्षांचं आहे आणि झाडावर चढत नाही.

ऑक्टोबरच्या सुट्टीत ओउलूहून नात आली.
साउनासाठी लाकडं उचलता उचलता म्हणाली,
"आजोबा, हा थांबतच नाही का कधी?
काचेवर सुई ओढतोय नुसती."
"कोण?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या कानाकडे,
मग चटकन लाकडांकडे.

शहरातल्या डॉक्टरने आलेख काढून दाखवला.
रेघ नीट चाललेली, चाललेली,
आणि उजवीकडे धक्क्याचं टोक यावं तशी.
तिथून पुढे पाणी.
एकतीस वर्षं डिझेलच्या शेजारी, तो म्हणाला,
त्यातही बारीक आवाज आधी जातात.
मला वाटलं होतं त्या इंजिनाने
मला फक्त पेन्शन दिली.

सायमी म्हणे, "लिहा ना, मी ऐकलाय की."
नियम माझाच, मोडला तर कोण विचारणार?
मी तिला दुकानातून वही आणून दिली,
चौकटीची, गणिताची.
तिने पहिल्या पानावर हिप्पियाइनेन लिहिलं
आणि स्पेलिंग चुकवलं.
माझ्या वहीत, शेऱ्याच्या रकान्यात,
मी लिहिलं: खाडा.
जरा वेळाने पुढे: त्याचा नव्हे.

एकतीस डिसेंबर. एकशे त्र्याऐंशी.
हिल्याने कुंपणापलीकडून आकडा विचारला,
दोनदा विचारला, मी सांगितला.
मग साउनामागे जाऊन उभा राहिलो, तोंड उघडं ठेवून,
तसं जास्त ऐकू येतं म्हणतात.
दातांना थंडी लागली, बाकी काही नाही.
वर एक फांदी हलली.
चिमूटभर बर्फ माझ्या बाहीवर पडला.
दुर्बीण उचलेपर्यंत फांदी जागेवर.

वारा असेल.
लिहिलं नाही.
बाही मात्र लगेच झटकली नाही.